चारशे बारा पानांतले एक

मित्रांनो, मी एक जुने पान आहे. कागदाचे नव्हे, संगणकातले. माझ्या कपाळावर गेल्या वर्षीची एक तारीख आहे. वयाने मी लहान असले तरी माझा राग मोठा आहे, आणि आज तो मी गिळणार नाही.

माझे मालक घरांचे नकाशे काढतात. रोज सकाळी त्यांनी संगणक उघडला की आमच्यातले एक नवे पान आपोआप जन्माला येते. जन्मतःच त्याच्यावर ठरलेल्या ओळी छापलेल्या असतात. पाणी किती प्यायलो, औषध घेतले का, आजचे तीन संकल्प. आणि सर्वांत खाली, शेजारी रिकामी चौकट घेऊन एक ओळ: 'बाबांना फोन करणे.'

बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला ताईकडे राहतात. मालकांनी पाण्याचे पेले इमानाने मोजले, पण ती चौकट एकदाही भरली नाही. कार्यालयात मात्र यांचा तोरा बघावा! "रोज एक पान. काही म्हणजे काही हरवत नाही," असे सांगत ते सहकाऱ्यांना आमचे रंग आणि मथळे दाखवायचे. लोकही वा वा करायचे. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!

माझा दिवस वेगळा होता. ताई परगावी होती, म्हणून मालकांना बाबांबरोबर दवाखान्यात जावे लागले. तिथे एका इंजेक्शनने बाबांच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. थोड्या वेळाने उतार पडला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे औषध यांना पुन्हा कधी द्यायचं नाही. जिवावर बेतेल. थांबा, चिठ्ठी लिहून देते."

"चिठ्ठी कशाला? हे बघा, लिहिलंसुद्धा," मालक म्हणाले आणि मोबाइलवर त्यांनी औषधाचे नाव माझ्या अंगावर टाइप केले.

मला केवढा अभिमान वाटला! एवढ्या पानांत कामाचे पान एकच, आणि ते मी. पण मालक पुन्हा माझ्याकडे फिरकलेसुद्धा नाहीत. ताईलाही त्यांनी ते नाव सांगितले नाही.

परवा दुपारी ताईचा फोन आला. बाबांना तापात शुद्ध नव्हती आणि तिने त्यांना हॉस्पिटलात नेले होते.

"अरे, बाबांना कुठलं औषध चालत नाही? डॉक्टर खोळंबलेत!"

"आहे, आहे. लिहून ठेवलंय मी."

मालकांनी 'बाबा' शोधले. चारशे बारा पाने समोर आली, कारण न केलेल्या त्या फोनची ओळ प्रत्येकावर होती. मग 'औषध' शोधले. पुन्हा तीच चारशे बारा. तारीख आठवेना, महिनाही आठवेना. मी तिथेच होते, मित्रांनो! त्यांचे बोट माझ्यावरून सरकून पुढे गेले. पानाला तोंड नसते, नाहीतर मी घर डोक्यावर घेतले असते.

"सापडलं का रे?"

"एक मिनिट, ताई."

"कसलं एक मिनिट! त्यांचा जीव चाललाय इथे!"

त्याच घाईत बाबांचा चष्मा ठेवायला ताईने चष्म्याची डबी उघडली. आत घडी घातलेली एक चिठ्ठी होती, डॉक्टरीणबाईंच्या अक्षरातली.

"राहू दे, सापडलं," ती म्हणाली. "तू बस शोधत."

बाबा वाचले. काल सकाळी त्यांनीच मालकांना फोन केला. आवाज पार खोल गेला होता.

"घाबरलास ना रे? तू गाडी काढायला गेलास, तेव्हा मी बाईंकडून चिठ्ठी मागून घेतली होती. तुला कामं फार असतात ना, म्हणून."

मालकांचे डोळे भरून आले. मला वाटले, आता तरी हा माणूस उठेल, पायात चपला घालील आणि निघेल. त्यांनी फोन ठेवला, नाक पुसले, त्याच दिवसाचे पान उघडले आणि 'बाबांना फोन करणे' या ओळीच्या चौकटीत खूण केली.

इतक्या दिवसांतली ही पहिली खूण, आणि तीही चोरीची!

मित्रांनो, आम्हांला रंग नकोत, मथळे नकोत. तुमच्या वहीत अशी एखादी ओळ रोज उगवत असेल, तर वही मिटा आणि उठा. आज सकाळी मालकांनी आमच्या ठरलेल्या ओळींत आणखी एक ओळ घातली आहे: 'बाबांना भेटायला जाणे.' तिच्या शेजारी एक रिकामी चौकट आहे.