अप्पांच्या नावापुढची रेघ

“एक घातलं, चाललं. सत्तावीस घातलं, चाललं. त्याच्या म्होरं महिन्यात कामाचे दिवसच न्हाईत. मग थांबतंय कशानं, दाक्षी?”

जुलैतला तो रविवार. अप्पा दह्यात कडक भाकरी कुस्करत होते, त्यांची आकड्यांची वही माझ्यापुढे उघडी. मिलच्या हजेरीखात्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. मिलमध्ये कॉम्प्युटर आल्यापासून महिन्याची हजेरी ते पडद्यासमोर बसून भरत, आणि मधेच यंत्र गप्प होई. कधी कोंडीबाच्या नावापाशी, कधी रावजीच्या. साहेब म्हणत, “रुद्रप्पा, दोष तुमच्या बोटांचा.” ते अप्पांना लागलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ते हजेरीच्या दिवसांचे टोकाटोकाचे आकडे, सगळ्यात लहान, सगळ्यात मोठा, घालून बघत.

“आणि महिनाभर कुणी आलंच नाही तर?”

“त्याच्या नावाम्होरं रेघ मारायची की. रेघ म्हंजे काय आकडा हाय व्हय?”

मी पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले, “अप्पा, तुमची बोटंच जाड. दोन कळा एकदम दाबत असाल.”

ते हसले. बोटं धोतराला पुसली, वही मिटली.

सोमवारी मिलच्या गेटातच ते कोसळले. घरी आणला तो नुसता देह.

मुलगी, वारस म्हणून सप्टेंबरात मला त्यांच्याच खुर्चीवर घेतलं. ऑगस्टची हजेरी भरायची होती. अप्पांचं नाव पटावरून अजून कमी झालं नव्हतं. पुढे रेघ.

“रेघ असली की नुसती पुढची कळ दाबा,” साहेब म्हणाले. “यंत्र शून्य धरतं.”

दाबली. पडदा थांबला.

पुन्हा सुरू केलं. त्याच नावापुढे एक घातला, चाललं. रेघेला कळ दाबली, थांबलं. तिसऱ्यांदाही तसंच. पुढच्या रकान्यात रोजचे सरासरी तास यायचे होते; त्यासाठी यंत्राला एकूण तासांना दिवसांनी भागायचं होतं. शून्याने भागता येत नाही, हे मी शाळेत शिकले होते. हसावं की रडावं कळेना. सापडलं, हे सांगायचं कुणाला, तेही.

साहेब घाईत होते. “सध्या एक घाला, पुढं जाऊ द्या.”

बोट कळेवर गेलं. एक दिवस. ऑगस्टमधला एक दिवस अप्पा कामावर.

“नको साहेब. अप्पांनी कुणाची खोटी हजेरी लावली नाही.”

मी थांबलेल्या पडद्याकडे बघत मोठ्यानं म्हणाले,

“अप्पा, तुमची बोटं चुकत नव्हती.”