दोन दारांची कॅसेट

माझ्या पोराकडं, भुजंगाकडं, इंग्रजी गाण्यांच्या तीन कॅसेटी होत्या, आणि त्यांच्यापायी मी त्याला उभा-आडवा बोलले आहे. वडीगोद्रीत त्याचं लाऊडस्पीकरचं दुकान. लग्न असो, बारसं असो, भोंगे त्याचेच. पण दुकान बंद झालं की घरात या कॅसेटी. जुन्या जालन्यातल्या एका रेकॉर्डिंगवाल्यानं जुन्या तबकड्यांवरून भरून दिलेल्या. वर नाव न्हाई, चित्र न्हाई. मंग मीच नावं ठेवली. एक विहिरीतली, कारण गाणारा बाप्या विहिरीत उतरून ओरडल्यासारखा वाटायचा. एक पत्र्याची, तिच्यातला ढोल म्हणजे पत्र्यावर गारा. आणि तिसरी दोन दारांची.

ही तिसरी त्याचा जीव की प्राण. हेडफोन लावला की डाव्या कानात निस्ता ढोल, उजव्या कानात निस्ता गाणारा. एका दारात एक उभा, दुसऱ्या दारात दुसरा, आणि मधल्या घरात आपण. भुजंग सांगायचा, त्या काळी रेकॉर्डिंगच्या मशिनीत जागाच कमी, म्हणून एकेका बाजूला एकेकाला बसवायचे. मी म्हणले, मंग आपण लग्नात बाया एकीकडं अन् बाप्ये एकीकडं बसवतो, तसंच की. तो पोट धरून हसला. त्या दिवसापासून मला एकेक बटन दाखवायला लागला. बॅलन्सचं बटन डावीकडं फिरवलं की फक्त ढोल, उजवीकडं फिरवलं की फक्त गाणारा. शाळेत मी दुसरीच्या पुढं गेले न्हाई, पण मला एकदा सांगितलेलं परत सांगावं लागत न्हाई.

शंका आली ती चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात, अंबडच्या एका लग्नात. बायांकडचा भोंगा असा कोकलत होता की लेकरं रडायला लागली. तिकडं बाप्यांना ‘सावधान’ ऐकूच येईना. आमच्याकडं बघून ते हात उचलायचे, त्यामुळं त्यांच्या अक्षता दर वेळी मागून पडायच्या. आमची शेजारीण झुंबरबाई कानात बोटं घालून म्हणाली, "कौसल्याबाई, तुमच्या पोरानं बायांवर डूख धरलाय का?"

मी म्हणले, तुझ्या तोंडापुढं तेवढा भोंगा लागतोच. ती हसली. पण भुजंगाच्या हातून असं कधी होत नव्हतं. मी उठून त्याच्यापाशी गेले, आवाज कमी कर म्हणून खुणावलं. त्यानं उलट आणखी वाढवला. म्हणाला, डावीकडचा, बायांकडचा भोंगा कमजोर झालाय, आवाजच येईना त्याचा.

भोंगा धडधाकट होता. मंग मी घरात नजर ठेवायला लागले. डावीकडून हाक मारली की पोरगा उजवीकडं बघायचा. जेवायला बसताना मुद्दाम माझ्या डाव्या अंगाला बसायचा, म्हणजे त्याचा उजवा कान माझ्याकडं. काही विचारलं की अंगावर यायचा. बहिऱ्या स्पीकरवाल्याला लग्नाला कोण बोलावतं? बाहेर कोणाला विचारायची सोय न्हाई, आणि न विचारता घास उतरत न्हाई, अशी माझी गत झाली. झुंबरबाई दारात आली तरी मला वाटायचं, हिला कळलंच.

एका दुपारी मी म्हणले, भुजंगा, ती दोन दारांची लाव. त्यानं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मंग हेडफोन चढवून, मशिनीकडं पाठ करून बसला, डोळे मिटले. मी मागून बॅलन्सचं बटन उजवीकडं पार टोकापर्यंत फिरवलं. डाव्या कानात आता काहीच जात नव्हतं. ढोल बंद, निस्ता गाणारा. पोरगा मात्र गुडघ्यावर बोटांनी ढोलाचा ठेका धरून डोलत होता. गाणं सरलं तसा मी त्याच्या डोक्यावरून हेडफोन काढला.

"ढोल कसा वाजला रे?"

"एक नंबर, माय. नेहमीसारखा."

"डाव्या कानात?"

"मंग कुठं?"

मी त्याचा हात धरला आणि बटनावर नेऊन ठेवला. बटन कुठं आहे ते त्यानं बोटांनी चाचपलं. बटन न सोडता म्हणाला, "महिना होत आला. सकाळी उठलो तर त्या कानात निस्ता शूं आवाज. वाटलं, जाईल आपोआप." मंग माझ्याकडं न बघता म्हणाला, "कोणाला सांगू नको."

"सांगायला मी काय झुंबरबाई आहे का?" मी म्हणले, आणि तोंड फिरवून चुलीकडं गेले.

दुसऱ्या दिवशी त्याला जालन्याला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, कान गेला त्याच दिवशी यायला पाहिजे होतं. गोळ्या लिहून दिल्या, मोठ्या आवाजापासून दूर राहायला सांगितलं. कान परत येईल का विचारलं, तर छताकडं बघून "बघू" म्हणाला. मी विचारलं, छतावर लिहून ठेवलंय का? भुजंगानं मला ओढत बाहेर आणलं.

गावातल्या तातेरावाच्या पोरीच्या लग्नाचं काम आधीच कबूल केलेलं होतं. न्हाई म्हणलं असतं तर गावभर चर्चा. म्हणून आम्ही मायलेकांनी खुणा ठरवल्या. मी पदर डोक्यावर ओढला की आवाज कमी, खांद्यावर पाडला की जास्त, तोंड पुसलं की बराबर. तो कानात कापूस घालून भोंग्यांपासून लांब, बाप्यांच्या टोकाला उभा राहिला. ती बाजू त्याच्या उजव्या कानाची, बायांची बाजू माझी. लग्नभर माझा पदर वर-खाली. झुंबरबाई म्हणाली, या वयात काय बाई नखरे. मी म्हणले, उकडू राह्यलं. पण बाप्यांच्या अक्षता वेळेवर पडल्या.

तेव्हापासून रोज दुपारी, बारीक आवाजात, ती कॅसेट. तो हेडफोन चढवून पाठ करून बसतो. मी बटन डावीकडं टोकाला नेते, म्हणजे फक्त ढोल, तोही फक्त डाव्या कानात. कधी चालू करते ते सांगत न्हाई. तो रोज म्हणायचा, "काही न्हाई, माय." मी रोज म्हणायचे, बरं, उद्या बघू. डॉक्टरचाच शब्द माझ्या तोंडात आला होता.

गोळ्या सरत आल्या तेव्हाची गोष्ट. मी मशीन चालू केलं आणि त्यानं मान जराशी वाकडी केली.

"माय, ढोल आहे का गं? शेजारच्या गल्लीत वाजल्यासारखा."

मला खरं वाटेना. माझं मन राखायला म्हणत असेल. मी गुपचूप मशीन बंद केलं.

"आता?"

"आता गेला."

परत चालू केलं. जरा वेळानं गुडघ्यावरचं एक बोट हललं, आणि मागून त्याच्या हेडफोनला कान लावून बघते तर ते बराबर ढोलावर पडत होतं.

मी पदरानं तोंड पुसलं. शेजारची गल्ली म्हणजे अजून लांबच आहे. उद्या परत लावायची.