हिरव्या साडीखालचा लिफाफा

गर्भवतीच्या कानी अशुभ पडू नये, हा आपल्याकडचा जुना सद्भाव होय. परंतु जी वार्ता तिच्याच देहाची, ती तिच्यापासून राखून ठेवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास आहे काय, हा प्रश्न त्या सद्भावाने सुटत नाही.

डोंबिवलीच्या नीलाबाईंनी तो अधिकार घेतला. सून रसिका हिला चौथा महिना असताना ठाण्याच्या डॉक्टर वैशाली यांनी तिच्या गर्भाशयमुखाची तपासणी केली होती. अहवाल आणावयास नीलाबाईच गेल्या. पेशींत गंभीर स्वरूपाचे बदल आहेत, दुर्बिणीतून लवकर पाहावे, असे त्यात लिहिले होते. सातव्या महिन्यातले डोहाळजेवण निर्विघ्न होऊ दे, मग सांगू, असे ठरवून त्यांनी तो लिफाफा समारंभासाठी आणलेल्या हिरव्या साडीखाली सारला.

पाच आठवड्यांनी ब्लाउज शिवायला देण्यासाठी रसिकाने ती साडी काढली.

"आई, रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणालेलात ना तुम्ही!"

"अगं, घाबरली असतीस. पोटातल्या जिवाला..."

"आणि आता नाही घाबरले का मी? तुमच्या मुलाला, सूरजला तरी सांगितलंत?"

"नाही," नीलाबाई साडीची घडी सारखी करीत म्हणाल्या.

"म्हणजे घरात फक्त या साडीला माहीत होतं!"

दुसऱ्याच दिवशी दोघी ठाण्यास गेल्या. वैशालीबाईंनी बराच वेळ निरखून पाहिले. बाहेर बाकावर बसलेल्या नीलाबाईंना स्तोत्राचा पुढचा चरण आठवेना. अखेर त्यांना आत बोलावणे आले.

"कॅन्सरची लक्षणं दिसत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या, "म्हणून आज तपासणीसाठी तुकडा काढत नाही. उपचार लागलेच तर बाळंतपणानंतर. पण तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचं, आणि बाळ झाल्यावर दोन महिन्यांच्या आत यायचंच. तेव्हाच बायका येत नाहीत."

"बदल आपोआप जातील?" रसिकाने विचारले.

"काहींचे जातात. तुमचे जातील, असं आज नाही सांगता येणार."

"बाळ झाल्यावर तर ही कळव्याला, माहेरी असेल," नीलाबाई पुटपुटल्या.

"मग कळव्याहून ठाणं किती लांब आहे, आई? पुढचंच तर स्टेशन."

नीलाबाईंनी पिशवीतून तो लिफाफा काढून सुनेच्या हाती दिला. "तुझा तूच ठेव. त्या दिवशी मी कळव्याला येईन. तू आत जा, बाळाला मी बाहेर धरून बसेन."

रसिकाने लिफाफा घट्ट धरला.

त्या उदरस्थ जिवास दीर्घायुष्य लाभो, त्याच्या मातेस आरोग्य लाभो, आणि मायेपोटी मौन धरून चुकलेल्या त्या सासूच्या मनासही शांती लाभो.