एकाच बोटाचे दोन आकडे

रविवारी सकाळी बमरोलीच्या एका हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर आमचे शेजारी, कापडाचा लूम चालवणारे सुकदेवभाऊ बसले होते. मधुमेह बरा करतो म्हणणाऱ्या एका महाराजांनी गुळाचा लाडू त्यांच्या मुठीत दिला, घट्ट धरायला लावला. मग लाडू बाजूला ठेवून सेवकाने त्याच हाताच्या बोटाला सुई टोचली. साखर मोजायच्या मशीनने आकडा दाखवला, चारशे बारा.

लोक हळहळले. महाराजांनी भाऊंचा हात मंतरलेल्या तापीजलाने, म्हणजे तापी नदीच्या पाण्याने, धुतला, कोरडा केला, काही पुटपुटले. पुन्हा सुई. एकशे अठ्ठेचाळीस.

"डॉक्टरांना बारा वर्षं पुरली नाहीत, मला पाच मिनिटं लागली," महाराज म्हणाले. "इन्सुलिन दारूसारखं असतं, एकदा लागलं की सुटत नाही. टाका ते इथे."

भाऊंनी इन्सुलिनचं पेन टोपलीत टाकलं. त्यांच्या पत्नी सरलाबाई आनंदाने रडत होत्या. मी लॅबमध्ये रक्त तपासते. काहीतरी खटकत होतं, पण काय ते सुचेना, म्हणून गप्प बसले. याची लाज मला अजून वाटते.

शुक्रवारी सरलाबाई दारात आल्या. "योगिता, कालपाईन नुसतं पानी पितस, आज उठतस बी नई."

भाऊ धापा टाकत होते, जीभ कोरडी पडली होती. मी त्यांचा हात धुऊन बोट टोचलं. आकडा आलाच नाही, साखर मशीनच्या मोजणीपलीकडे गेली होती. रिक्षाने दवाखाना गाठला. भाऊंना आयसीयूत घेतलं.

बाहेर बाकावर सरलाबाई म्हणाल्या, "पण महाराजांनी हात धुतल्यावर साखर उतरली होती ना?"

हात धुतल्यावर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पुढच्या रविवारी त्याच हॉलमध्ये मी रांगेत उभी राहिले. मुठीत लाडू, मग सुई. तीनशे सत्त्याऐंशी. महाराज तापीजल घेऊ लागले.

"नको," मी माईकवर म्हणाले. "मला मधुमेह नाही." आणि सोबतच्या बाटलीतल्या नळाच्या पाण्याने हात धुऊन पुसला, त्यांच्याच मशीनवर टोचून घेतलं. ब्याण्णव.

सेवकाने माझा दंड पकडला. तेवढ्यात सरलाबाई वर आल्या. "तिला सोडा. मलाही शुगर नाही. माझ्या हातात लाडू द्या." कोणी दिला नाही, त्यांनी स्वतः उचलला. मी त्यांचं बोट टोचलं. आकडा तीनशेच्या पुढे गेला.

"गूळ बोटाला चिकटतो, रक्ताच्या थेंबात मिसळतो. मशीन तोही मोजतं," मी सांगितलं. महाराज मागच्या दाराने निघून गेले होते.

भाऊ शुद्धीवर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे एकशे अठ्ठेचाळीस खोटा?"

"तेवढाच खरा होता, भाऊ. तो तुमच्या इन्सुलिनने आणलेला."

मग भाऊ डॉक्टरांना म्हणाले, "पण इन्सुलिनची सवय लागते ना?"

"इन्सुलिन तुमचं शरीरच बनवतं," डॉक्टर म्हणाले. "आता कमी बनतं, म्हणून उरलेलं बाहेरून द्यायचं. ही सवय नाही, गरज आहे. काहींचा डोस पुढे कमीही होतो, पण ते तपासून ठरवू."

भाऊंनी त्या दिवशी इंजेक्शन स्वतः टोचून घेतलं.

तुमच्याही घरी कोणाला अशी शंका असेल, तर ती डॉक्टरांना विचारा. साखर तपासण्याआधी हात धुवा. आणि कोणी टाळ्यांच्या गजरात औषध सोडायला सांगितलं, तर त्याला एवढंच विचारा: उद्या मी पडलो, तर दवाखान्यात माझ्याजवळ कोण बसेल?