दोन मुठींचा रेचा

मित्रांनो, मी एक जुना रेचा आहे. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचे हातयंत्र. आज मला कोपऱ्यात पाहून तुम्ही मोडका सांगाडा म्हणाल, तर खुशाल म्हणा. इंग्रज राणीचे राज्य होते तेव्हा बऱ्हाणपूरच्या लालबागेत माझा रुबाब होता. वामन सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवले. माझ्यात दोन रूळ, दोन्हींना एकेक मूठ. त्या फिरवायला समोरासमोर दोन बायका लागत. एकटीला मी दाद देत नसे.

माझी मालकीण भागाबाई ख्रिस्ती होती. मिशनच्या मडमेकडून धर्माचा धडा पाठ करून आली की कधी एकदा सांगते असे तिला होई. समोर बसे शेजारची रंभाबाई. तिचाही बाप्तिस्मा झालेला. पण लेकरू गेल्यापासून दोन वर्षे तिने प्रार्थनेला तोंड उघडले नव्हते. तिला पुन्हा प्रार्थनेला लावायचेच, असा भागाबाईने चंग बांधला.

पहिला आठवडा वाईट गेला. उपदेश सुरू झाला की भागाबाईचा हात थांबे. कापूस अडके, सरकी फुटे, सरकी काढलेल्या रुईवर तेलकट डाग पडत.

"भागाबाई, एक त बोलून घ्या, नाहीतर काम करा," असे म्हणून रंभाबाई मूठ सोडून देई. मला दोघींचाही राग येई.

शेवटी भागाबाईने धडे गुंडाळून ठेवले आणि विचारू लागली, "आज काय रांधलं व?" मग भाजीच्या, सासूच्या, ताप्तीच्या पुराच्या गप्पा निघाल्या आणि हात चालू लागले. एकदा भागाबाईने कबूल केले, "प्रार्थना करता करता मले झोपच लागते." रंभाबाई खळखळून हसली. मलाही बरे वाटले.

एका दुपारी बारशाच्या घुगऱ्यांची गोष्ट निघाली. रंभाबाई म्हणाली, "माझ्या लेकाचं नाव उखर्डू होतं, बाई. पहिले दोन गेले, म्हणून याले उखर्ड्यावर ठेवून परत उचलला."

मित्रांनो, तेव्हा मुले जगत नसली की आया बाळाला असे उखर्ड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवून उचलून घेत. बाळ टाकाऊ आहे असे वाटून मरण त्याला शिवणार नाही, अशी समजूत होती.

"बाप्तिस्मा झाल्यावर केलं मी हे," ती म्हणाली. "देवावर सोडाचं, त उखर्ड्यावर सोडलं. त्यानं नेलं लेकरू. आता कोन्या तोंडानं हाक मारू त्याले?"

भागाबाईने पाठ केलेला धडा काढला नाही. मूठ फिरवतच ती म्हणाली,

"देव असा डूख धरत नाही, रंभा. त्याचं लेकरू गोठ्यात जन्मलं, न् गावाबाहेर क्रुसावर, फेकल्यावानी मेलं. उखर्ड्यावरचं लेकरू त्याले अनोळखी कसं राहीन?"

रंभाबाई रडली. मूठ मात्र तिने सोडली नाही. फिरवता फिरवताच म्हणाली, "प्रभू, माझ्या उखर्डूले सांभाळ." दोन वर्षांतली ही तिची पहिली प्रार्थना. मी ती ऐकली, याचा मला फार अभिमान आहे.

पुढे वाफेवर चालणारे कारखाने आले आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. भागाबाईही देवाघरी गेली. मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी तिला थेंबभर तेल घालून पाहा. काल रंभाबाईने माझ्याबाबत तेच केले. तिचे केस आता पांढरे झाले आहेत. पलीकडची शारदा नवरा गेल्यापासून कोणाशी बोलत नाही. तिला रंभाबाईने हाताला धरून माझ्यासमोर बसवले.

"धर ती मूठ," रंभाबाई म्हणाली. "आज काय रांधलं व?"