लहानगा शिक्रा

सिविल लाइंसमधल्या त्या सरकारी घरामागच्या कडुनिंबात शिक्र्याचं घरटं होतं. वैशाखाचं पांढरं ऊन अंगणात साचू लागलं की विनता स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राही. घरट्यावर खिळलेली मादी थोराड, पिवळ्या डोळ्यांची. दुसरा पक्षी लहानगा; छातीवर विटकरी रेघा, डोळे निखाऱ्यासारखे. सरडा मारून तो वाळक्या फांदीवर उतरे, हाक देई. मग ती उडत येऊन घास घेई आणि पिल्लांकडे परते. स्वतः शिकारीला ती जात नसे.

विनताचा नवरा चिंतामणी कचेरीत कारकून. त्याच्या साहेबाला पेंढा भरून ठेवायला लहान जातीचा शिकारी पक्षी हवा होता. बंदूकही साहेबानेच दिली होती.

"पिल्लं उडेपर्यंत थांबा," विनता म्हणाली. लग्नानंतर तिने मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

"चलो, आईला हात नाही लावत. तो लहानगा मागच्या साली झालेलं पिल्लू दिसून राहिला, तेवढाच घेतो."

"पिल्लू नाही, बाप आहे तो. यांच्यात नरच लहान असतो. तो आणून देतो, म्हणून तर ती घरटं सोडत नाही."

"अच्छा! तुझ्या कानात सांगून गेला काय?"

उन्हाळ्यात कचेरी सकाळची असे. निघण्यापूर्वीच त्याने बार काढला, लहानगा रुमालात गुंडाळला आणि आपल्याच दयेवर प्रसन्न होऊन तो गेला.

मादी वाळक्या फांदीकडे पाहत हाका देत राहिली. ऊन चढलं, हाका विरळ झाल्या. अखेर भुकेनेच तिला घरट्यावरून उठवलं. टपलेले कावळे तत्क्षणी उतरले. विनताने अंगणातून दगड मारले, ओरडली. एकही दगड तिथवर पोचला नाही.

दुपारी चिंतामणी उजळलेल्या चेहऱ्याने आला.

"साहेब लई खूश! सोलताना कळलं, पूर्ण वाढलेला नर निघाला. मी म्हटलं, मला ठाऊकच होतं."

विनताने मान वर न करता पाट मांडला.

"काहून तोंड पाडून बसलीस? आई आहे ना पिल्लांजवळ. वाढ, भूक लागली."

रोज त्याच्या येण्यापर्यंत ती उपाशी राही. आज मोरीत तिचं उष्टं ताट पडलेलं त्याला दिसलं.

"माझ्याआधी जेवलीस?"

"हो," ती म्हणाली, आणि कडुनिंबाकडची खिडकी तिने लावून घेतली.