वाकलेली पाठ

उर्वशीने चष्मा वर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि पुढचा परिच्छेद वाचला. समोर तिची आई देवकाबाई सूप मांडीवर घेऊन उडदाची डाळ निवडत होत्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "थो लांडगा बोलते का?"

"बोलते. राजकुमारीशी. मनातल्या मनात."

"मंग तिले माणसाची काय गरज?"

"तेच मी अपर्णाले विचारणार आहे."

"काही विचारू नको. चांगलं आहे म्हण. शालिक येणार आहे उद्या."

रस्त्यावरून बैल चालले होते. पोळ्याचा दिवस होता. शिंगांना बेगड लावलेली, अंगावर झुली, मागे पोरांचा गलका. दरवर्षी देवकाबाई दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या असत. यंदा दार अर्धं लोटलेलं होतं. उर्वशीच्या वडिलांना, केशवरावांना, जाऊन उद्या तिथीने वर्ष होत होतं.

अपर्णा ही शालिकराम मामांची मुलगी. पुण्यात नोकरी करायची आणि रात्रंदिवस कादंबऱ्या वाचायची. आता तिने स्वतःच एक लिहिली होती. प्रकाशकाला मलपृष्ठावर उर्वशीच्या चार ओळी हव्या होत्या. उर्वशी सौंसरच्या महाविद्यालयात शिकवायची, पण लोक तिला ओळखायचे ते तिच्या पुस्तकांवरच्या बोलण्यामुळे. नव्या कादंबऱ्यांबद्दल ती फोनसमोर बसून बोलायची आणि हजारो पोरी ते ऐकायच्या.

गेल्या वर्षभरात ते बोलणं कडू होत गेलं होतं. अद्भुत कादंबऱ्यांबद्दल ती म्हणाली होती की या राज्यांचे नकाशे फार छान असतात, पण सैन्याला भाकरी कोण थापून देतं ते कुठे सापडत नाही. प्रेमकथांबद्दल म्हणाली होती की अर्धं पुस्तक माणूस बाईला पायाखाली तुडवतो, मग एकदा त्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि सगळी चूक पावसात धुऊन निघाल्यासारखी निघून जाते. कुमारवयीन मुलांच्या कादंबऱ्यांत नायिकेचा बाप पहिल्या प्रकरणात मरतो, कारण त्याशिवाय तिला घराबाहेर काढता येत नाही. आणि दुसऱ्या प्रकरणात तिच्या हातात तलवार असते. 'भूक लागत नाही, झोप येत नाही, गॅस संपलाय हेही लक्षात येत नाही, हे कोणी का लिहीत नाही?' असं ती बोलून गेली होती. खाली एका मुलीने लिहिलं, ताई, तुम्ही आधी अशा नव्हत्या.

"वाच नं पुढे," देवकाबाई म्हणाल्या.

अपर्णाने आपल्याच गावची गोष्ट घेतली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि झाड तोडून मिळवण्यासाठी दोन्ही काठांवरून दिवसभर दगड चालतात. तीच गोटमार. म्हणे पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवली, दोघं नदीच्या मधोमध आले आणि दोन्ही गावांनी त्यांना दगडांनी मारलं. अपर्णाच्या कादंबरीत मुलगी सावल्यांची राजकुमारी होती, मुलगा अर्धा देव. नदी निळी होती, रात्री चमकायची. शेवटी दगड हवेतच पळसाची फुलं व्हायचे.

"फुलं?" देवकाबाईंनी मान वर केली.

"फुलं."

"आन् जे आधीच लागले ते?"

उर्वशीला हसू आलं. तिच्या हजारो श्रोत्यांपैकी एकीनेही इतका नेमका प्रश्न विचारला नसता. पण हसू ओठांवर आलं तसं मावळलं. देवकाबाई सावरगावच्या. लग्न होऊन आल्या पांढुर्ण्यात, पुलाच्या या अंगाला. गोटमारीत नवरा या काठावर, भाऊ त्या काठावर. पण दिवस मावळला की शालिकराम पूल ओलांडून जेवायला यायचे. शिळ्या पुरणपोळ्या तव्यावर गरम व्हायच्या आणि मेहुणा-भाऊजी एकमेकांना लागलेलं दाखवायचे.

"भाऊजी, हा तुमचाच दगड बरं."

"माझा असता तं तू जेवाले आला असता का?"

मग दोघंही हसायचे. दगडाला नाव नसतं, हे दोन्ही गावांत पोरंसोरंही जाणत. कोणी कोणाचं नाव घेत नसे, पोलिसातही नाही. गेल्या वर्षीही नाही. केशवराव कुऱ्हाड घेऊन झाडाकडे झेपावले तेव्हा दगड बसला, असं दोन्ही काठांवरच्या लोकांनी सांगितलं. नागपूरला नेताना वाटेतच ते गेले. पोरांनी त्यांचा फोटो मोठा करून चौकात लावला. जखम डोक्याच्या मागच्या बाजूला होती, ते उर्वशीने पाहिलं होतं. झाडाकडे झेपावणाऱ्याला मागून कसा लागतो, हे तिने कोणाला विचारलं नव्हतं.

ती पुढे वाचू लागली. लांडगा आला, शापित अंगठी आली. मग नदीच्या लढाईचं प्रकरण. राजकुमारीचा म्हातारा नावाडी काठावर उतरतो, एवढंच त्याचं काम होतं. उर्वशी सरावाने वाचत होती, डोळे एक ओळ पुढे ठेवून. म्हणून तिला ते वाक्य वाचायच्या आधीच दिसलं. पण तोवर आवाज तिथे पोचला होता.

"'नावाड्याची चप्पल पाण्यात वाहू लागली. तो चपलेसाठी वाकला. काठावरच्याने हात आवरला नाही, कारण वाकलेल्या पाठीवरून माणूस ओळखू येत नाही.'"

सूप थांबलं.

"पुन्हा वाच."

उर्वशीने पुन्हा वाचलं.

देवकाबाईंनी निवडलेले खडे पदराच्या टोकात घेतले, उठल्या आणि मागच्या अंगणात टाकून आल्या. आल्यावर म्हणाल्या, "डाळ भिजवाची आहे. उद्या वडे लागतीन." आणि स्वयंपाकघरात गेल्या.

आतापर्यंतच्या सगळ्या पानांत खरं असं हे एवढंच होतं. वाचणाऱ्याला ते कळतं. बाकी सगळं कुठून कुठून आणलेलं, दुसऱ्यांच्या पुस्तकांतलं. हे तीन ओळींचं मात्र कोणीतरी पाहिलेलं. उर्वशीने ओसरीवर जाऊन अपर्णाला फोन लावला.

"ताई, वाचलं?" अपर्णा घाईने म्हणाली. "आधी सांग, लांडगा जास्त झाला का?"

"झाला. ते नावाड्याचं तुला कसं सुचलं?"

"ते होय? सगळे तेच विचारून राहिले. संपादकही म्हणाले, हे फार चांगलं आहे." अपर्णा जरा हसली. "माझं नाही गं ते. मी दिवाळीत आली होती तेव्हा बाबाले म्हटलं, गोटमारीचं काही सांगा, पुस्तकात टाकते. मग एवढंच बोलले, चपलेसाठी वाकला होता, वाकलेल्या माणसाची पाठच दिसते. आणि उठून गेले. कोण, कधी, काही नाही. कोणी जुना असेल."

"असेल."

"का गं? नाही आवडलं?"

"उद्या सांगते," उर्वशी म्हणाली. "चार ओळी उद्या देते."

ती आत आली तेव्हा देवकाबाई पाटावर बसल्या होत्या. डाळ पातेल्यात भिजत पडली होती. त्यांच्यासमोर जमिनीवर केशवरावांच्या चपला होत्या. जाड टायरच्या तळाच्या, दुकानात घालायच्या. एकीचा पट्टा काळा होता, दुसरीचा पाण्याने पांढुरका पडलेला.

"एक पायातच होती," देवकाबाई म्हणाल्या. "दुसरी शालिकनं आणून देल्ली. त्याच रात्री. पिशवीत घालून. म्हणे एका पोराले सापडली."

उर्वशी त्यांच्यासमोर बसली.

"जामले केवढं पाणी होतं त्या दिवशी. दिवसभर दगड चालले. तिथं मेलेल्या माणसाच्या एका चपलीसाठी कोण उतरन पाण्यात?"

"तुले तेव्हापासून माहीत आहे?"

"चपल पाहिली तेव्हापासून." त्यांनी पांढुरक्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "वाट पाहून राहिली होती मी. त्याच्या तोंडून येते का म्हणून. पोरीच्या पुस्तकात गेलं, इथं नाही आलं."

"साडी घेशील का त्याच्या हातची?"

वर्ष संपलं की बाईचा दुखवटा माहेरच्या माणसाने काढायचा. भाऊ साडी आणतो, बहीण ती नेसते, मग ती सणाला, लग्नाला, चार माणसांत जायला मोकळी होते. देवकाबाईंना माहेरचं असं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"त्याच्याबिगर कोण आणन वं?" देवकाबाई म्हणाल्या. त्यांनी चपला उचलल्या आणि कपाटाखाली ठेवल्या. "झोप आता. सकाळी श्राद्धाले महाराज लवकर येतीन. गोटमारीपायी पूल बंद व्हायच्या आत सगळं उरकाचं आहे."

सकाळी सावरगावच्या बाजूने ढोल ऐकू येऊ लागले. पळसाचं झाड निघालं असणार. महाराज अजून आले नव्हते. उर्वशी आंघोळ करून मागच्या विहिरीवरून तांब्या भरून आणत होती. घराला वळसा घालून ती पुढच्या अंगणात आली आणि कोपऱ्यावरच थांबली.

उंबऱ्याच्या डाव्या हाताला, जिथे केशवराव दुकानातून आल्यावर काढायचे तिथेच, त्यांच्या चपला ठेवलेल्या होत्या. जोडीने. तोंडं आतल्या बाजूला. दोन्हींना खोबरेल तेल लावलेलं होतं, तरी एक पट्टा पांढुरका तो पांढुरकाच दिसत होता. घरधनी नुकताच आत गेला असावा अशा त्या होत्या.

शालिकराम मामा फाटकातून आत येत होते. काखेत कापडाच्या दुकानाची पिशवी. ते पायरीपर्यंत आले आणि त्यांनी खाली पाहिलं.

आतून देवकाबाईंचा आवाज आला, रोजच्यासारखा.

"शालिक, आला का? ये नं आत."

मामा हलले नाहीत. ढोल वाजत होते. काखेतली पिशवी खाली घसरली, पायरीवर पडली, आणि कागदातून साडीचा फिकट निळा काठ बाहेर आला.

"ये नं," देवकाबाई आतून पुन्हा म्हणाल्या. "पाट मांडला आहे."

मामा पिशवी उचलायला वाकले. उर्वशीकडे त्यांची पाठ होती. मोसमभर संत्र्याचे क्रेट वाहून डावा खांदा उतरलेला, सदरा मानेमागे विरलेला, दोन खांद्यांमध्ये कपड्याला पडलेली ती आडवी घडी. ती पाठ कुठूनही ओळखता आली असती. पुलावरून, पलीकडच्या काठावरून. आणि तिच्या वडिलांची पाठ तर अख्ख्या पांढुर्ण्याला पाठ होती. मोटर वाइंडिंगचं दुकान, दिवसभर पंपावर वाकलेला माणूस. गिऱ्हाईक यायचं ते पाठीशीच बोलायचं. 'केशवराव, झाली का मोटर?' ते मागे वळायचेही नाहीत. वीस वर्षं मामाही दुकानात येऊन आधी त्याच पाठीवर थाप मारायचे.

मामांनी पिशवी उचलली नव्हती. वाकले होते ते वाकलेच राहिले होते, हात चपलांपासून वीतभर अंतरावर.

"उर्वशी," आतून हाक आली, "मामाले पाय धुवाले पाणी दे."

तिच्या एका हातात तांब्या होता. दुसऱ्या हातातला फोन थरथरला. अपर्णाने लिहिलं होतं, 'ताई, चार ओळी? आज छपाईला जातंय.'

उर्वशीने तांब्या जमिनीवर ठेवला. समोरच्या पाठीकडे पाहत तिने एका अंगठ्याने उत्तर लिहिलं.

'वाकलेल्या पाठीचं ते वाक्य काढून टाक. माणूस ओळखू येतो.'